'नटाने नटाचं काम करावं' म्हणणाऱ्यांना

कुणी नट सरकारवर किंवा युद्धावर दोन शब्द बोलला की एक मेसेज जळगाव-धुळ्याच्या ग्रुपवर पुन्हा फिरायला लागतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: नटांनी नाचावं, गावं, पैसे घ्यावेत. राजकारणातलं त्यांना काही कळत नाही. बोलतात ते प्रसिद्धीसाठी. भोळे लोक त्यांच्या नादी लागतात. आणि जवान सीमेवर असताना तर त्यांनी तोंडच उघडू नये. खाली कुणीतरी अहिराणीत शेरा मारतो, 'नाटक्याले काय समजस?' यातला एकही मुद्दा मला पटत नाही.

आधी या 'काय समजस'चं बघू. निदान आपल्या भागात तरी हे कुणी म्हणू नये. स्मिता पाटील शिरपूरच्या घरातली. वडील शिवाजीराव पाटील स्वातंत्र्यसैनिक आणि पुढे मंत्री, आई विद्याताई समाजकार्यात. स्मिता लहानपणी राष्ट्र सेवा दलात वाढली आणि सिनेमात येण्याआधी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचत होती. पुढे ती बायकांच्या प्रश्नांवर उघडपणे बोलली. ती नटी झाली म्हणून तिची अक्कल कमी झाली का?

दुसरं म्हणजे, युद्धाबद्दल बोलायला संरक्षणशास्त्राची पदवी लागत नाही. रावेर-यावलच्या केळीवाल्याला विचारा. केळीला पोटॅश हे खत भरपूर लागतं. आपल्याकडे ते जवळपास सगळं बाहेरून येतं, आणि रशिया व बेलारूस हे त्याचे मोठे पुरवठादार. 2022 साली युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि जगभर खतांचे भाव भडकले. हजारो मैलांवरची लढाई बागेच्या खर्चात येऊन बसते. ज्याच्या खिशाला झळ बसते त्याला बोलायचा हक्क आहे, मग तो बागायतदार असो, हमाल असो की नट.

'नाचावं, गावं' हे म्हणणाऱ्याने गावच्या यात्रेत तमाशा बघितलाच नसावा. गण होतो, गवळण होते आणि मग बतावणीत सोंगाड्या उभा राहतो. कापसाच्या भावावर बोलतो, विजेच्या बिलावर बोलतो, पुढाऱ्याच्या गाडीवर बोलतो. तो पुढारी पहिल्या रांगेतच बसलेला असतो. त्याच्याकडे बघूनच सोंगाड्या शब्द टाकतो, मागचा मांडव हसून दणाणतो आणि पुढाऱ्यालाही हसावं लागतं. आपल्या आजोबा-पणजोबांनी हे ऐकलंय आणि वर दौलतजादाही केलीय. सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके पुढे आले. गावोगावच्या लोकांशी लोकांच्या प्रश्नांवर बोलायचं, यासाठीच ती पथकं होती. त्याआधी इंग्रजांनी 1876 मध्ये नाटकांवर बंदी घालता येईल असा कायदा केला आणि 1910 मध्ये 'कीचकवध' बंद पाडलं. रंगमंचावरच्या कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसत होता. नटाने फक्त करमणूक करावी, ही अपेक्षा तेव्हा राज्यकर्त्यांची होती. आज तीच आपण का करतोय?

प्रसिद्धीच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. ज्याचा चेहरा आधीच घराघरांत आहे, त्याला बोलून मिळायचं काय? जातंच जास्त. आणीबाणीत किशोर कुमार यांनी सरकारी प्रचाराच्या कार्यक्रमाला नकार दिला, तर त्यांची गाणी आकाशवाणीवरून बंद झाली.

लोक नादी लागतात म्हणे. निवडणुकीत प्रत्येक पक्ष नट-नट्या आणतो. उघड्या जीपमधून रोड शो होतो, लोक गच्चीवरून फोटो काढतात आणि मत ज्याला द्यायचं त्यालाच देतात. खान्देशातला मतदार इतका भोळा नाही. शिवाय रोड शोच्या दिवशी 'नटाने नटाचं काम करावं' हा मेसेज एकाही ग्रुपवर येत नाही, हे मी नीट लक्ष ठेवून सांगतोय.

राहिला सीमेवरच्या जवानाचा मुद्दा, आणि तो मी सर्वांत गांभीर्याने घेतो. धुळे-नंदुरबारच्या कितीतरी घरांतली मुलं फौजेत आहेत. पण सुनील दत्त-नर्गिस जवानांसाठी कार्यक्रम घेऊन सीमेवर जात होते, कारगिलच्या वेळी नाना पाटेकर तिकडे गेले, तेव्हा आपण त्यांना डोक्यावर घेतलं. तुम्हाला युद्धातलं काय कळतं, असं कुणी विचारलं नाही. म्हणजे नटाने युद्धावर बोललेलं आपल्याला चालतं. त्याने प्रश्न विचारला की मात्र खटकतं. हे युद्ध टळलं असतं का, असं विचारण्यात जवानाचा अपमान कुठे आला? ज्या आईचा मुलगा चौकीवर आहे, तिच्या मनात हा प्रश्न सर्वांआधी येतो.

नट चुकतातही. खोटा व्हिडिओ खरा समजून पुढे पाठवतात, पक्षाने लिहून दिलेलं स्वतःचं मत म्हणून वाचतात. तिथे त्यांना धरावंच. काय खोटं आहे ते पुराव्यानिशी दाखवावं, पैसे घेतले असतील तर तेही विचारावं. मात्र 'तू तर नट' म्हणून हिणवणं हे उत्तर नव्हे.

आणि ज्याला बोलायचंच नाही, त्याच्या मागे 'आता का गप्प?' म्हणून लागणंही मला मान्य नाही. एका मालिकेवर घर चालवणाऱ्या नव्या कलाकाराकडे मी हिंमत मागणार नाही. ती ज्याची त्याने ठरवायची गोष्ट आहे.