‘पोट्टे टाकीत पाणी सोडून खेळतात’ या प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, नमस्कार.

आमच्या कॉलेजातल्या जलशास्त्र प्रयोगशाळेवरच्या लेखाखाली तुम्ही मला चांगलंच झाडलंत. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेला माणूस बोलतोय म्हटल्यावर ‘प्रतिक्रियेबद्दल धन्यवाद’ लिहून सुटता येत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वाऱ्याचा दाब आयएस ८७५ या भारतीय कोडमध्ये दिलाय, सांडव्याचं (तलाव भरला की जादा पाणी जिथून बाहेर पडतं त्या बांधाचं) सूत्र पुस्तकात आहे, मग पोट्टे, म्हणजे आमचे विद्यार्थी, टाकीत पाणी सोडून नवीन काय शोधणार? सगळा खेळ पीएचडी आणि प्रमोशनचा. आणि शेवटी खोचक प्रश्न, नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा तुमची प्रयोगशाळा कुठे होती?

प्रमोशनचं आधी उरकतो. हो, तसे पेपर निघतात आणि ढिगाने निघतात. काँक्रीटमध्ये अमुक टक्के राख, मग तमुक टक्के राख, २८ दिवसांची ताकद, झाला पेपर. (राख कोराडीच्या वीजकेंद्राची, तेवढंच काय ते नागपूरचं.) त्यांची वकिली मी करणार नाही.

पण सूत्राचं तसं नाही. विसर्ग (सेकंदाला वाहून जाणारं पाणी) म्हणजे गुणांक गुणिले सांडव्याची लांबी गुणिले माथ्यावरच्या पाण्याच्या उंचीचा दीडावा घात. उंची दुप्पट झाली की विसर्ग २.८ पटींवर जातो, हे तुम्हाला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: सांडव्यावरून पडलेलं पाणी पुढे बिनबोभाट निघून जातं.

आमच्याकडे काचेच्या भिंतींचा लांब फ्ल्यूम, म्हणजे पाणी वाहवायचा पाट आहे, त्यात छोटा सांडवा बसवलेला. वरच्या अंगाला पाण्याची पातळी मोजायचा पॉइंट गेज. त्याची सुई हळूहळू खाली आणायची. पाण्यातलं तिचं प्रतिबिंब वर येताना दिसतं, दोन्ही टोकं भिडली की व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, वाचायचा. मग सांडव्याच्या खाली थोड्या अंतरावर पात्रात एक लाकडी ठोकळा ठेवायचा. पंपाला हात लावायचा नाही. ठोकळ्यामागे पाणी चढू लागतं, हायड्रॉलिक जम्पचा (वेगातलं पाणी एकदम मंदावून उसळतं त्याचा) पांढरा फेस मागे मागे सरकत सांडव्याच्या पायथ्याशी येतो आणि तिथे बुडून जातो. इतकं होईस्तोवर वरच्या सुईला पत्ताही नसतो. पुढे खालचं पाणी माथ्याच्या वर पुरेसं चढलं की मात्र वरची पातळीही उचलली जाते. विसर्ग तोच, उंची जास्त. ती उंची तुमच्या सूत्रात घाला, प्रत्यक्षात वाहत नाही इतकं पाणी कागदावर वाहताना दिसेल. सूत्र चुकलेलं नसतं, त्याची अट मोडलेली असते. आणि ती नेमकी कुठे मोडते, हे बघायलाच पोट्टे टाकीत पाणी सोडतात.

आता अंबाझरी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिमीहून जास्त पाऊस पडला. एक चौरस किलोमीटरवर १०० मिमी म्हणजे १० कोटी लिटर. त्यातलं किती मुरलं आणि किती सिमेंट रस्त्यांवरून थेट नाल्याला धावलं, हा हिशेब वेगळाच. तलावाच्या सांडव्याखालच्या विवेकानंद स्मारकाचा वाद पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला. स्मारकाने पाणी अडून मागे फुगवटा किती आला, असं तुम्ही मला सरळ विचारलंत तर मी ठोकळ्याकडे बोट दाखवून उत्तर देणार नाही. त्याला सांडवा, नाग नदीचं पात्र, उतार आणि पूल धरून त्या जागेचं मॉडेल लागतं. १:२५ प्रमाण धरलं तर विसर्गाचं प्रमाण २५ चा अडीचावा घात, म्हणजे ३,१२५. प्रयोगशाळेत सेकंदाला १६ लिटर सोडले की ते तिथले ५० घनमीटर झाले. वेळ पाच पटींनी आखडते, तासाभराचा पूर १२ मिनिटांत उरकतो. त्यालाही मर्यादा आहेच: माथ्यावरचं २५ सेंटिमीटर पाणी मॉडेलमध्ये एक सेंटिमीटर होतं, आणि इतक्या पातळ थरात पृष्ठताण लुडबुड करतो. म्हणून लहान पुराचे आकडे अशा मॉडेलवरून कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर सावध राहावं.

वाऱ्याबद्दल तुम्ही लिहिलंत, ‘कोडमध्ये आहे ते पुरे.’ कोडात नागपूरला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. वर्ग करून ०.६ ने गुणलं की चौरस मीटरला साधारण ११६० न्यूटन दाब. बरोबर. पण कोडातला आकडा काही आकाशातून पडत नाही. इंग्लंडात फेरीब्रिजच्या वीजकेंद्रात ११४ मीटर उंचीचे आठ कूलिंग टॉवर होते. १ नोव्हेंबर १९६५ ला वादळी वाऱ्यात त्यातले तीन कोसळले. वारा आधी ज्यांच्यावर आदळला ते पुढचे टॉवर उभे राहिले, पडले ते मागच्या रांगेतले. डिझाइन करताना दाब धरला होता एकट्या उभ्या टॉवरचा, आणि वाऱ्याचा वेग धरला होता मिनिटाच्या सरासरीचा, झोताचा नव्हे. पुढच्या टॉवरांमधून घुसलेला वारा मागच्यांना कसा झोडपतो, हे नंतर वाऱ्याच्या बोगद्यात छोटी मॉडेलं ठेवून तपासलं गेलं. कोराडीला किंवा खापरखेड्याला जाताना शेजारी शेजारी उभे टॉवर दिसतात ना, तशा घोळक्यासाठी एकट्या टॉवरचा दाब चालत नाही, हे शहाणपण तिथून आलं. आपल्या कोडातही आता शेजारच्या बांधकामाचा परिणाम धरायला सांगितलंय. तुम्ही ज्या कोडाच्या बळावर प्रयोगशाळा मोडीत काढता, तो प्रयोगशाळेतूनच निघालाय.

एका ठिकाणी तुमचा वार बरोबर बसलाय, की ‘आधी नीट मोजा, मग मॉडेलं करा.’ मॉडेलमधली पातळी खरी धरायची तर एखाद्या तरी पुराची जागेवरची नोंद हवी: किती वाजता माथ्यावर किती पाणी होतं. जुन्या नोंदी मागायला मी एका कार्यालयात गेलो तेव्हा मला पुढच्या टेबलावर पाठवलं, त्या टेबलाने मागच्या. तुम्ही लिहिलंय की तुमच्या शाखेत तलावांच्या गेज रीडिंगची, म्हणजे पाण्याच्या पातळीची, वही पावसाळ्यात रोज भरली जायची आणि पूर असला की तासातासाला. त्या वह्या पुढे कोणाच्या ताब्यात गेल्या, याचा अंदाज असेल तर कळवा. पूर आलेल्या दिवसांची पानं मिळाली तरी भागेल; झेरॉक्स मी येऊन काढून नेईन.