डायलिसिसच्या फिल्टरमधलं गंधक रक्तात उतरत नाही

"डायलिसिसचा फिल्टर गंधकाच्या प्लास्टिकचा असतो, ते गंधक रक्तात उतरतं म्हणून खाज सुटते, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डायलिसिस करूच नका, आठवडाभर थांबून लसणाचा काढा घ्या." हा फॉरवर्ड आमच्या काकूला आला आणि तिने डायलिसिसची पाळी चुकवली. तिला सल्फाची, म्हणजे सल्फा गटातल्या अँटिबायोटिक औषधांची, अ‍ॅलर्जी आहे, त्यामुळे ती घाबरणारच ना!

म्हणून आधी सल्फाचंच बघू. को-ट्रायमॉक्साझोलसारख्या सल्फाच्या गोळीने अंगावर पुरळ उठतं ते नुसत्या गंधकामुळे नाही, त्या औषधाच्या रेणूत एक नायट्रोजनवाला अ‍ॅमिन गट असतो, शरीरात त्याचं जे रूपांतर होतं त्यावर प्रतिकारशक्ती उसळते. बऱ्याच फिल्टरचं प्लास्टिक म्हणजे पॉलिसल्फोन, त्यात असा गटच नाही, आणि त्यातलं गंधक दोन ऑक्सिजनसकट पॉलिमरच्या साखळीतच पक्कं बांधलेलं असतं, ते सुटून रक्तात जाणार कसं? गंधकाचीच अ‍ॅलर्जी असती तर काकूला अंडं, डाळ काहीच चाललं नसतं, कारण प्रथिनांत गंधक असतंच. रक्त गोठू नये म्हणून मशीनला हेपॅरिनची सिरिंज लावतात, त्या हेपॅरिनवर तर सल्फेटचे, म्हणजे गंधकाचेच, गट खच्चून भरलेले असतात, नुसतं गंधकच नडत असतं तर तेही चाललं नसतं.

आता एक गोष्ट मान्य करावी लागते. एएन-६९ नावाच्या मेम्ब्रेनवर (फिल्टरमधल्या पातळ पडद्यावर) सल्फोनेट या गंधकाच्या गटामुळे ऋण भार असतो, त्याला रक्त लागलं की ब्रॅडिकिनिन हा बीपी उतरवणारा पदार्थ तयार होतो, एरवी शरीर तो झटपट मोडतं, पण बीपीसाठी एनालाप्रिलसारखी गोळी चालू असेल तर मोडणारं एन्झाइमच अडतं आणि सुरुवातीच्या काही मिनिटांतच बीपी धाडकन खाली येऊ शकतं. बेल्जियमच्या डॉक्टरांनी १९९० मध्येच 'लॅन्सेट'मध्ये हा धोका मांडला होता. पण यात गंधक विरघळत नाही, त्रास पृष्ठभागावरच्या भाराचा आहे, आणि तो झाकायला पुढे त्याच मेम्ब्रेनवर धन भाराच्या पॉलिमरचा थर देण्यात आला. तेव्हा बीपीची कुठली गोळी चालू आहे ते डायलिसिसच्या डॉक्टरांना सांगा, फिल्टर कुठला आहे ते विचारा.

खाजेचं म्हणाल तर वाढलेलं फॉस्फरस, कोरडी कातडी, अपुरं डायलिसिस ही नेहमीची कारणं, पाळ्या चुकवल्या तर खाज वाढेल.

आणि लसणाचा तो उग्र वास गंधकाच्या संयुगांचाच असतो, म्हणजे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला स्वतःचंच म्हणणं कळलेलं नाही. काढ्याने पोटॅशियम उतरत नाही. डायलिसिस थांबलं की ते रक्तात साचतं आणि हृदय बंद पडू शकतं. ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे ढकललाय त्यांनी आजच्या आज त्याच ग्रुपवर तो चुकीचा असल्याचं लिहा, आणि घरात कोणी डायलिसिसवर असेल तर त्यांना फोन करून पुढच्या पाळीला जायला सांगा.