वीस अंश सेल्सिअस

फिल्म धुण्याच्या रसायनाच्या पाकिटावर तापमान छापलेलं असतं, वीस अंश सेल्सिअस. ज्याने ते छापलं तो आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात आलेला नसणार. आमच्याकडे त्या दिवसांत गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडला, तर त्या पाण्यात फिल्म नाही, चहा पावडर टाकावी.

पण हे नंतरचं. आधी कॅमेऱ्याबद्दल सांगतो, कारण घरात भांडण त्याच्यावरूनच सुरू झालं.

बोरी नदीच्या काठाला आमचा वडिलोपार्जित वाडा आहे. मातीचं धाबं, सागाचे खांब, पुढे लांबलचक ओटा, वर माडी. मालक तीन भाऊ आहेत. आबा थोरले, नाना म्हणजे माझे वडील मधले, आणि बापूकाका धाकटे. वाटणीची बोलणी अकरा वर्षं चालली होती. यंदा ती एकदाची पक्की झाली, म्हणजे वाडा पाडायचं ठरलं. मी म्हटलं, पडायच्या आधी एक फोटो काढून ठेवू, चांगला. बापूकाकांनी तिथल्या तिथे मोबाइल काढून सात फोटो काढले आणि म्हणाले, "घे, झाले."

त्या सातही फोटोंत वाडा मागे कलंडलेला होता. उंच वस्तू बघायला कॅमेरा वर केला की भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. "तसाबी तो पडायलेच व्हयेल शे," बापूकाका म्हणाले.

माझ्याकडे एक जुना लाकडी कॅमेरा आहे, चार बाय पाच इंचांचा. हे माप कॅमेऱ्याचं नाही, फिल्मच्या एकेका पानाचं. पुढे लेन्सची पाटी, मागे दुधी काच आणि मध्ये लोहाराच्या भात्यासारखा घडीचा भाता. मला विकणारा म्हणाला होता, भाता एकदम टकाटक. घरी आणल्यावर रात्री अंधारात भात्याच्या आत टॉर्च लावली तर कोपऱ्याकोपऱ्यांतून चांदण्या दिसल्या. असा कॅमेरा घेणाऱ्याने पैसे देण्याआधी ही टॉर्च लावून बघावी, मी पैसे दिल्यानंतर लावली. शेवटी सायकलच्या पंक्चरवाल्याकडून सोल्युशन आणलं आणि काळ्या छत्रीच्या कापडाची ठिगळं लावली. छत्री आईची होती. तो विषय अजून संपलेला नाही.

फिल्म महाग असते. एका पानाच्या पैशात चौघांची शेवभाजी होते, वर भाकरी. म्हणून गावी जाताना डब्यातून मोजून चार पानं घेतली. दोन होल्डर, म्हणजे पान धरून कॅमेऱ्यात लावायच्या चपट्या चौकटी, आणि प्रत्येकाच्या दोन बाजूंना एकेक पान, असा हिशोब.

होल्डरमध्ये पान भरायचं ते संपूर्ण अंधारात. सिनेमात दिसतो तो लाल बल्ब फोटोच्या कागदासाठी असतो, ही फिल्म लाल उजेडालाही खराब होते. पानाच्या एका कोपऱ्याला खाचा असतात. पान उभं धरून खाचा वर उजव्या हाताला लागल्या, म्हणजे रसायनाची बाजू आपल्याकडे. मग दोन्ही कडांच्या पट्ट्यांखाली ते सरकवायचं आणि वरून उजेड अडवणारी डार्क स्लाइडची पट्टी लावायची. मुठीची पांढरी बाजू बाहेर म्हणजे पान कोरं, काळी बाहेर म्हणजे वापरलेलं. याचा सराव मी महिनाभर एका जाड लग्नपत्रिकेचा तुकडा कापून केला होता, डोळे मिटून, टीव्हीसमोर बसून. बायकोने एकदा विचारलं, "कोणाचं लग्न मोडताय?"

गावी पोहोचलो त्या रात्री दहाला लाइट गेली. मला आनंदच झाला. धान्याच्या बळदाशेजारी एक खोली आहे, खिडकी नाही, दार सागाचं. दाराच्या फटीला गोधडी लावली आणि गव्हाच्या पोत्यावर होल्डर ठेवून बसलो. आत इतकं गदमदत होतं की कोपरावरून घाम टपकत होता, आणि घामाचा एक थेंब फिल्मवर पडला तर तो फोटोत कायमचा राहतो. कपाळाला उपरणं बांधलं. एक होल्डर भरला. दोन्ही पानं बिनचूक. लग्नपत्रिकेचे आभार मानून दुसरा होल्डर उघडला, दोन्ही पानं हातात घेतली, खाचा चाचपल्या.

आणि लाइट आली.

लाइट जाताना बल्ब चालू होता. बटण बंद करायचं असतं हे मला ठाऊक होतं, जगातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. हातातली दोन पानं दुधासारखी पांढुरकी, सुंदर दिसत होती. फिल्मची कोरी पानं दिसतात कशी हे फार थोड्या लोकांनी पाहिलं असेल. बाहेरून आजीचा आवाज आला, "उनी रे बापा, लाइट उनी!"

सकाळी नवाला कॅमेरा गल्लीत मांडला. ट्रायपॉडच्या मध्ये दगडांची पिशवी लटकवली, कारण आमच्याकडची वावटळ कॅमेऱ्याचा मान ठेवत नाही. डोक्यावरून घोंगडी घेतली. जाणकार लोक यासाठी बाहेरून पांढरं आणि आतून काळं असं दुहेरी कापड शिवून घेतात, त्याने ऊन परतून जातं. माझी घोंगडी आतबाहेर काळीच होती. बाहेर बेचाळीस अंश होते, आत मी होतो.

दुधी काचेवर जग उलटं दिसतं. खालचं वर, वरचं खाली, डावं उजवीकडे. धाब्यावरची गवताची पाती खाली लोंबत होती आणि ओटा आभाळात. लेन्सची पाटी वर सरकवली, तशी काचेच्या खालच्या कडेपलीकडे हरवलेली माडी हळूहळू वर येऊ लागली. कॅमेरा सरळ तो सरळच, वर जाते ती फक्त लेन्स. त्यामुळे खांब ताठ राहतात. हे घोंगडीत एकट्याला दिसलं तेव्हा मी मोठ्याने "वा!" म्हणालो.

"भाऊ, हाई काय शे?" शेजारचा सालदार म्हैस घेऊन थांबला होता. त्याला घोंगडीत घेतलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग बाहेर येऊन म्हशीकडे बघितलं, परत आत गेला. "मनी म्हैस मरनी का काय? पाय वर करीसन पडेल शे!"

त्यानंतर रांग लागली. आखाजीला माहेरी आलेल्या पोरी, त्यांची पोरं, किराणावाला, आणि दोनदा आबा. दुसऱ्यांदा आबा म्हणाले, "काही सुधारलं का हे बघायला आलो."

वाडा गल्लीला जरा तिरका आहे. त्यामुळे अलीकडचा खांब स्पष्ट केला की पलीकडचा धूसर व्हायचा. त्यावरही इलाज आहे, लेन्स किंचित भिंतीच्या दिशेने वळवायची. थिओडोर शायम्फ्लुग नावाच्या ऑस्ट्रियाच्या सैन्यातल्या अधिकाऱ्याने 1904 साली याचं पेटंट घेतलं. फिल्मची पातळी, लेन्सची पातळी आणि भिंतीची पातळी, तिन्ही मनातल्या मनात लांबवल्या आणि एका रेषेत भेटल्या की सगळी भिंत एकदम स्पष्ट. मी हे नानांना समजावून सांगितलं. नाना ओट्यावरच्या दोन्ही भावांकडे बघत म्हणाले, "तिघं एका रेषेत? त्या सायबाला म्हणावं इथे ये."

काचेवर बारकावे तपासायला भिंग लागतं. माझ्याकडचं भिंग कापडाचे धागे मोजायचं आहे. अमळनेरच्या प्रताप मिलमधल्या एका ओळखीच्यांनी निवृत्त झाल्यावर दिलेलं. पितळी, घडीचं. महागड्या भिंगापेक्षा कमी नाही.

सगळं जुळलं. होल्डर लावला, डार्क स्लाइड ओढली, दट्ट्या दाबला आणि शटरचा आवाज आलाच नाही. कारण ते आधीच उघडं होतं. काचेवर बघायला शटर उघडावं लागतं आणि स्लाइड ओढण्याआधी ते मिटावं लागतं. एवढाच नियम आहे. रांगेतल्या शेवटच्या पोराला दाखवण्याच्या नादात तो राहिला. तिसरं पान गेलं. सालदार म्हणाला, "निघना का फोटू?" मी हो म्हणालो.

आता एकच पान उरलं. ते मी संध्याकाळसाठी ठेवलं. सकाळच्या उन्हात तसंही वाड्याचं अर्धं तोंड काळं दिसत होतं.

सूर्य मावळला, उजेड मऊ झाला. निंबाच्या झोक्यावर पोरी गाणी म्हणत होत्या आणि ओट्यावर आखाजीचे पत्ते रंगले होते. मी लेन्सचं भोक पंचेचाळीसवर ठेवलं, आकडा जितका मोठा तितकं भोक बारीक. एवढी गरज नव्हती, पण मोठ्या कॅमेऱ्याच्या माणसाला बारीक भोकाचं व्यसन असतं. अन्सेल ॲडम्स आणि एडवर्ड वेस्टन वगैरे अमेरिकन फोटोग्राफर मंडळींनी तर 1932 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला काढलेल्या गटाचं नावच एफ 64 ठेवलं होतं. उजेड मोजायच्या मीटरने दहा सेकंद सांगितले. पण एवढ्या लांबणाऱ्या वेळेला फिल्म मंदावते, मीटरच्या दहाला तिला अठरा तरी द्यावे लागतात. जेवणानंतर सुस्तावलेल्या पाहुण्यासारखं आहे ते, एका हाकेत उठत नाही.

"अठरा सेकंद कोणी हलू नका!" मी ओरडलो.

"पान कोणाचं?" बापूकाका म्हणाले.

या वेळी शटर मिटलं, दोनदा बघितलं. स्लाइड ओढली. दट्ट्या दाबून धरला आणि मोठ्याने आकडे मोजले. सातला बापूकाकांनी पान टाकलं. अकराला नाना "अरे!" म्हणाले. चौदाला पाच पोरी झोक्यावरून धावत दारातून आत गेल्या. अठरा.

मला सकाळपर्यंत धीर नव्हता. रसायनांच्या बाटल्या दिवसभर कूलरच्या टाकीत बुडवून ठेवल्या होत्या, तिथलं पाणी नळापेक्षा पुष्कळ गार असतं. थर्मामीटर लावला तर सव्वीस. वीसला माझ्या फिल्मला साडेआठ मिनिटं लागतात, चोवीसला सहाच्या आसपास. सव्वीसला घाई होते आणि घाईत डाग पडतात. बर्फ थेट टाकला तर रसायन पातळ होतं, म्हणून तो पिशवीत बांधून टाकायचा. पण बर्फ आमरसात गेलेला. शिवाय नुसतं रसायन गार असून भागत नाही. पुढच्या सगळ्या पाण्यांचं तापमान जवळपास सारखं लागतं, नाहीतर फिल्मवरचा थर वाळत घातलेल्या पापडासारखा सुरकुततो.

घरातलं सगळ्यात गार पाणी देवघराशेजारी होतं. नवी कोरी घागर, वर आंबा आणि सांजोऱ्या.

"त्या घागरले हात लावू नको," आजी अंधारातून म्हणाली. "पितरेसनी शे."

मी तिला सगळं सांगितलं. वीस अंश, साडेआठ मिनिटं, सुरकुत्या, शेवटचं पान. तिने किती ऐकलं माहीत नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "एक तांब्या ली ले. तेसनंच घर शे."

बाटल्या, थाळ्या आणि तो तांब्या एका परातीत ठेवले, ओलं फडकं गुंडाळलं, वारा घातला. तेवीसवर आलं. त्याहून खाली उतरायची त्या खोलीची तयारी नव्हती. या वेळी बल्बच काढून खिशात ठेवला होता. गव्हाच्या पोत्यांमध्ये बसून साडेसहा मिनिटं थाळी हलवली.

सकाळी निगेटिव्ह ओट्यावर उजेडाला धरली. खांब ताठ. माडीची कोरलेली तुळई, धाब्याची कड, दाराच्या कडीवरचा गंजसुद्धा भिंगाखाली मोजता येत होता. निगेटिव्हमध्ये सगळं उलट असतं, म्हणून आबांची टोपी काळीकुट्ट होती. आबा हरत होते, त्यामुळे ते अठरा सेकंद दगडासारखे बसून होते आणि मिशीच्या केसासकट आले. नानांना दोन तोंडं होती. धावणाऱ्या पाच पोरी आल्याच नव्हत्या, दार रिकामं. बापूकाकांच्या जागी नुसता एक धुरकट खांदा आणि पत्ते.

तिघांनी आळीपाळीने बघितली. आबा खूश होते. नाना म्हणाले, तिघांना तीन प्रती काढून दे, मोठ्या कर, फ्रेम करू.

बापूकाकांनी ती परत उजेडाला धरली आणि डाव्या बाजूच्या दोन खांबांवर बोट ठेवलं. तो भाग त्यांच्या वाट्याला आला आहे.

"प्रत नको," ते म्हणाले. "मना हिस्सा तेवढा कापीसन दे."

आणि आत जाऊन कातर घेऊन आले.