खुबा नामानिराळा

नव्या फ्लॅटची वास्तुशांत आणि तिला लागून सत्यनारायण, असा जोड कार्यक्रम होता. गुरुजींचं पहिलं वाक्य मराठीत होतं : "यजमान, मांडी घाला." पुढचं सगळं संस्कृतात होतं आणि ते माझ्या कानात शिरलं नाही, कारण तोवर माझा उजवा गुडघा बोलायला लागला होता.

डावा पाय बऱ्या बोलाने आत गेला. उजवा निम्म्यावर येऊन अडला. गुडघा जमिनीपासून वीतभर वर, हवेत. बायकोने कोपराने ढोसलं, "नीट बसा ना." मी गुडघा हाताने खाली दाबला, तो वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा वर. शेवटी त्याच्यावर उपरणं टाकलं, तर तिथे काहीतरी झाकून ठेवलंय असं दिसायला लागलं. एका छोट्याने त्याच्या आईला विचारलंच, "प्रसाद त्याच्याखाली आहे का?"

शेजारी सासरे बसले होते. वय ७८. त्यांची मांडी म्हणजे इस्त्रीची घडी. दोन्ही गुडघे सतरंजीला टेकलेले, पाठ ताठ, चेहऱ्यावर ती खास शांतता, जी फक्त जावयाची फजिती बघताना येते.

चौथ्या अध्यायात साधुवाण्याच्या नावेतल्या धनाचा पालापाचोळा झाला, तेव्हा माझ्या उजव्या पायाचंही तेच झालं होतं. आधी मुंग्या, मग मुंग्याही निघून गेल्या. आरतीला उठलो, तर गुडघ्याखाली पाय आहे की नाही हे खाली बघून ठरवावं लागलं. आहे असं दिसलं म्हणून त्याच्यावर भार टाकला आणि मेहुण्याच्या अंगावर गेलो. निरांजन मेहुण्याच्या हातात होतं. पुढचं सांगत नाही. त्याची भुवई आता बरीचशी परत आली आहे.

त्यानंतर महिनाभर माझ्या गुडघ्यावर सार्वजनिक उपचार झाले. निर्गुडीचा पाला, शेकलेली एरंडाची पानं, तिळाचं तेल, नी-कॅप, डिंकाचे लाडू. लाडू मी मन लावून खाल्ले. गुडघा जिथल्या तिथे. अखेर हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून सांगितलं, "गुडघा उत्तम आहे." इतक्या दुखऱ्या गुडघ्याला उत्तम म्हणवून घ्यायला सातशे रुपये पडले. वर फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी.

ती मुलगी पंचविशीची असेल. मला पाहताक्षणी 'काका' म्हणाली, तिथेच निम्मा आजार वाढला. "काका, पाठीवर झोपा आणि पायांचा इंग्रजी चार करा." म्हणजे उजवा घोटा डाव्या गुडघ्यावर ठेवायचा आणि उजवा गुडघा बाहेरच्या बाजूला गादीकडे पडू द्यायचा. माझा पडेना. माझा चारचा आकडा म्हणजे पावसाळ्यात घाईने ठोकलेला तंबू दिसत होता. तिने गुडघ्याकडे बघितलंसुद्धा नाही. थेट माझ्या जांघेकडे बोट केलं आणि म्हणाली, "दुखतंय इथलं, काका. ओरडतोय गुडघा."

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. महिनाभर मी सोमेश्वराला तेल चोळत होतो.

मग तिने कोपऱ्यातला प्लॅस्टिकचा सांगाडा ओढत आणला आणि माझी ५२ वर्षांची समजूत मोडीत काढली. मांडी घालणं हे मांडीचं काम, अशी माझी भाबडी कल्पना. नावच तसं आहे. प्रत्यक्षात मांडी घातली जाते खुब्यात. मांडीचं हाड म्हणजे शरीरातलं सगळ्यात लांब हाड, आपल्या उंचीच्या पाव हिश्शाहून थोडं जास्तच. त्याच्या वरच्या टोकाला चेंडूसारखा गोळा, आणि तो कमरेच्या हाडातल्या खोलगट उखळीत बसतो. तो चहूकडे फिरतो. गुडघा मात्र बिजागरी. दाराची असते तशी. उघड-मीट एवढंच मुख्य काम. वाकलेला असताना थोडासा वळतो, पण फार नाही. म्हणजे मांडी घालताना पाय बाहेर वळवायचा तो खुब्याने. खुब्याने अंग चोरलं, की तो पीळ बिचाऱ्या बिजागरीवर पडतो. दार बाहेर उघडण्याऐवजी वर उचलून बघा, बिजागरी काय म्हणते ते. शिवाय खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं ही जुनी खोड आहे म्हणे. दोन्हीकडे जाणाऱ्या काही नसा एकच.

"शेवटचं जमिनीवर कधी बसला होतात?" तिने विचारलं. मी हिशेब केला. जेवण टेबलावर, ऑफिस खुर्चीत, सकाळचा विधी कमोडवर. खुब्याचं ते दार मी वीसेक वर्षं उघडलंच नव्हतं. सासरे अजून पाटावर जेवतात.

आणि पाय मेला तो कशाने? तिने सांगाड्याच्या गुडघ्याखाली, बाहेरच्या अंगाला, नडगीशेजारच्या काटकुळ्या हाडाच्या गळ्यावर नख ठेवलं. तिथून एक नस अगदी कातडीखालून वळसा घालून पावलाकडे जाते. ती माझ्या वजनाखाली पाटाच्या कडेवर पाच अध्याय चेंगरत होती.

मला सगळ्यात आवडला तो एक स्नायू. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून, साधारण पँटचा खिसा सुरू होतो तिथून निघतो, जानव्यासारखा तिरका मांडी ओलांडतो आणि गुडघ्याच्या आतल्या अंगाने नडगीवर पोचतो. शरीरातला सगळ्यात लांब स्नायू. नाव सार्टोरियस, म्हणजे लॅटिनमध्ये शिंप्याचा. युरोपातले जुने शिंपी मांडी घालून शिवायला बसत आणि पाय त्या घडीत आणायला हा स्नायू मदत करतो. मला पटलं. आमचा शिंपीही गुरुवारी देतो म्हणतो आणि गुरुवारी दुकान बंद असतं. माझ्या मांडीतला त्याच जातकुळीतला निघाला.

त्याच लॅटिन मंडळींनी खुब्याच्या उखळीला व्हिनेगरच्या वाटीचं नाव दिलंय. गुडघ्यापुढच्या हाडालाही ते छोटी ताटली म्हणतात आणि आपण वाटी म्हणतो. एकमेकांना न विचारता दोन्हीकडच्या लोकांना सांध्यात स्वयंपाकघरच दिसलं. आता एवढ्या वाट्या अंगात असून पूजेच्या दिवशी पंचामृताला एक कमी पडली होती, हे वेगळं.

तिथून रिक्षाने घरी येताना (गुडघा पुढे पसरून, तिरका बसून) मला आपल्या भाषेचाच राग आला. बघा ना. अक्कल कुठे, तर गुडघ्यात. उतावळ्या नवऱ्याचं बाशिंग कुठे, तर गुडघ्याला. हरलो की काय टेकायचे, तर गुडघे. लाथ पायाची, कंबर कसायची, मांडीला मांडी लावून बसायचं, मांडीवर थोपटायचं, पण खुब्याच्या वाट्याला एक धड वाक्प्रचार नाही! ना कौतुकाचा, ना शिवीचा. काम बुडवणारा हा, आणि पिढ्यान्‌पिढ्या नाव खराब होतंय दोन इमारती सोडून खाली राहणाऱ्याचं. ऑफिसात असे साहेब मी पाहिले आहेत. त्यांनाही कुठला वाक्प्रचार चिकटत नाही.

पुढचे दोन महिने मी रोज सकाळी हॉलमध्ये इंग्रजी चार काढला. बायको चहा पिता पिता मधूनच "अजून साडेतीनच आहे" असं सांगायची. आठव्या आठवड्यात गुडघा गादीपासून चार बोटांवर आला. नवव्या आठवड्यात सोसायटीच्या गणपतीत सत्यनारायण होता आणि यजमानपद मी स्वतः हात वर करून मागून घेतलं. बायकोने कपाळावर हात मारला. सासऱ्यांना मुद्दाम बोलावलं.

पाटावर बसलो. डावा आत, उजवा आत. दोन्ही गुडघे खाली. उपरणं खांद्यावर, जिथे असायला हवं तिथे. सासऱ्यांकडे चोरून पाहिलं; ते फुलं निवडण्यात गर्क असल्याचं दाखवत होते. मी गुरुजींच्या 'मांडी घाला'ची वाट बघू लागलो.

गुरुजींनी पिशवीतून पोथी काढली, घंटा काढली, मग तळातून एक घडीचं स्टूल काढलं, ते उघडलं आणि हाश्शहुश्श करत त्याच्यावर टेकले.

"गुडघे हो," ते म्हणाले. "डॉक्टरांनी मांडी बंद सांगितलीय."

मी पुढे झुकलो आणि हळूच म्हटलं, "गुरुजी, गुडघा राहू द्या. आधी खुबा दाखवा."

"आधी आचमन करा," गुरुजी म्हणाले.