डिझेलाखालचे पाणी

दुधात पाणी असते हे आमच्याकडे माणसाला लहानपणीच कळते. डिझेलमध्येही ते असू शकते हे कळायला मात्र मला वयाची एकसष्ट वर्षे, एक जुना जनरेटर आणि गणपतीचा दुसरा दिवस लागला.

आमचे मूळ घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे आहे. घाटमाथा जवळ असल्यामुळे जूनमध्ये सुरू झालेला पाऊस गणपतीपर्यंत उसंत देत नाही, आणि वीज मात्र पहिल्या वाऱ्यालाच मान टाकते. म्हणून चार वर्षांपूर्वी आम्ही भावांनी वर्गणी काढून बेळगावच्या उद्यमबागेतून एक सेकंडहँड जनरेटर आणला. एक सिलिंडर, हँडल मारून सुरू करायचे इंजिन, आणि सोबत दोनशे लिटरचे एक निळे लोखंडी बॅरल, असा सगळा संसार टेम्पोतून आला. बॅरल परसात, गोठ्याच्या भिंतीला लावून उघड्यावर उभे केले. ते उभे करण्याचा निर्णय माझा होता. हे वाक्य पुढे लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

त्या संध्याकाळी घरात तेवीस माणसे होती. वीज दुपारीच गेलेली. आरतीच्या थोडे आधी पुतण्याने हँडल मारले, इंजिन सुरू झाले, आणि एरवी काळसर धूर सोडणाऱ्या त्या यंत्राने पांढराशुभ्र धूर सोडायला सुरुवात केली. खिडकीतून तो आत आला तेव्हा आमच्या काकूंनी धूप यंदा भरपूर घातला आहे असे समाधानाने सांगितले. पाठोपाठ इंजिनाचा आवाज अडखळू लागला, मखरातले दिवे त्या तालावर मोठे-लहान होऊ लागले, आणि ही काही तरी नवी रोषणाई आहे अशा समजुतीने मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी आरती निम्म्यावर असताना इंजिनाने तीन उचक्या दिल्या आणि ते थांबले. उरलेल्या आरत्या आम्ही समईच्या आणि मोबाइलच्या उजेडात म्हटल्या. विहिरीवरचा पंपही त्याच जनरेटरवर चालत असल्यामुळे रात्री टाकीत थेंब उरला नाही. डिझेलमध्ये पाणी आले म्हणून नळाला पाणी आले नाही, हा विरोधाभास तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हता. तेवीस माणसे पोहऱ्याने पाणी शेंदत होती, एवढेच ठाऊक होते.

सकाळी खानापुरातून मिस्त्री आला. त्याने इंजिनाकडे पाहिलेसुद्धा नाही. फिल्टरखालचा स्क्रू पान्याने सैल करून त्याने खाली काचेची रिकामी बाटली धरली, ती उजेडात नेली आणि स्वतःशीच म्हणाला, “नीर ऐत्रि.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने भाषांतर केले, “पाणी हाय की ओ काका.”

मी बाटली हातात घेतली. वर पिवळसर डिझेल, खाली किंचित तांबूस पाणी, आणि दोहोंच्या मध्ये काळपट, बुळबुळीत असा एक पातळ पापुद्रा. आमच्या भागात सीमारेषा कुठे असावी यावर १९५६ पासून वाद चालू आहे. या बाटलीतली सीमा मात्र इतकी स्पष्ट होती की तिला ना आयोग लागला असता ना न्यायालय. डिझेल पाण्यापेक्षा हलके असते, एका लिटरचे वजन साधारण ८२० ते ८४५ ग्रॅम, त्यामुळे पाणी निमूटपणे तळाशी जाऊन बसते आणि पातळी बघणाऱ्याला वरून डिझेलच दिसत राहते. मधला पापुद्रा म्हणजे बुरशी आणि जिवाणूंची वसाहत होती. ही मंडळी राहतात पाण्यात आणि जेवतात डिझेल. डिझेल कोरडे असेल तर त्यांना बिऱ्हाड करता येत नाही.

आता पाणी घातले कोणी, हा प्रश्न उरला, आणि त्याचे उत्तर शोधण्यात मी जो उत्साह दाखवला त्याची आज लाज वाटते. पहिला संशय पुतण्यावर गेला, कारण कॅन तोच आणतो. दुसरा संशय, कसलेही कारण नसताना, दूधवाल्यावर गेला, कारण तो बॅरलच्या बाजूने ये-जा करतो आणि पाणी घालण्याचा अनुभव त्याच्या गाठीशी आहे. शेवटी मी बाटली पिशवीत घालून थेट पेट्रोल पंपावर गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर तिथल्या मॅनेजरला ती दाखवली. मॅनेजर शांत माणूस. त्याने लांब पट्टीच्या टोकाला एक प्रकारचे मलम फासले, पट्टी जमिनीखालच्या टाकीत तळापर्यंत सोडली, वर काढली आणि माझ्या नाकासमोर धरली. पाणी लागले की या मलमाचा रंग बदलतो. तो बदललेला नव्हता. चारही गिऱ्हाइकांनी पट्टी पाहिली, मग माझी बाटली पाहिली, मग मला पाहिले.

रात्री भाचीचा अमेरिकेहून, मॅसॅच्युसेट्समधून फोन आला. गणपतीचे दर्शन राहिले बाजूला, आम्ही अर्धा तास बाटलीवरच बोललो. “मामा, हेच आमच्याकडे गेल्या जानेवारीत झालं,” ती म्हणाली. तिच्या घराच्या तळघरात २७५ गॅलनची, म्हणजे सुमारे १,०४० लिटरची टाकी आहे आणि त्यातल्या तेलावर सगळे घर तापते. ते तेल म्हणजे जवळजवळ डिझेलच, फक्त करासाठी वेगळे ओळखू यावे म्हणून त्यात लाल रंग घातलेला असतो. उन्हाळ्यात तिने टाकी निम्मी रिकामी ठेवली होती. रिकाम्या भागातल्या हवेचा दमटपणा थंड पत्र्यावर घामासारखा सुटला, थेंब ओघळून तेलाखाली साचले, पत्रा आतून गंजू लागला, आणि ऐन बर्फात बाहेरून जाणाऱ्या नळीतले पाणी गोठून बर्नर बंद पडला. घरातली सगळी माणसे कोट घालून जेवली. आमच्याकडे थंडी म्हणजे फार तर पहाटे बंबात दोन ढलप्या जास्त घालणे. ‘घर तापवणे’ हा वाक्प्रयोग आम्ही फक्त भावकीच्या वाटण्यांसंदर्भात वापरतो. पण तिचे दुःख मला त्या रात्री अक्षरशः समजले.

“टाकीचं झाकण बघा,” तिने शेवटी सांगितले.

ते मी बघायच्या आधी मिस्त्रीने बघून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी त्याने काही न बोलता मला बॅरलपाशी नेले आणि बोट दाखवले. बॅरलच्या माथ्याला कडेने काठ असतो, परातीसारखा. त्या परातीत दोन बोटे पावसाचे पाणी साचले होते, दोन्ही बुचे त्या पाण्याखाली बुडालेली होती, आणि मोठ्या बुचाच्या कडेला बेडकाचे एक पिल्लू आपलेच तळे असल्यासारखे बसले होते. उन्हाची तिरीप आली की बॅरल तापते, आतली हवा फुगून बुचाच्या आट्यांतून बाहेर निघते. सर आली की बॅरल गार होते, हवा आकसते आणि बुचावर साचलेले पाणी आत ओढले जाते. म्हणजे माझे बॅरल सगळा पावसाळा श्वास घेत होते आणि प्रत्येक श्वासाला घोटभर पाणी पीत होते. पुतण्याने या प्रसंगी मौन पाळले. ते मौन मला फार लागले.

पाणी काढायची रीत मिस्त्रीची. संध्याकाळी बॅरलच्या एका बाजूखाली लाकडी पाचर सारून ते किंचित कलते केले, म्हणजे रात्रभरात सगळे पाणी खालच्या कोपऱ्याला गोळा होते. सकाळी हातपंपाची नळी नेमकी त्या कोपऱ्यात टेकवायची. पंप येईपर्यंत थांबायला हवे होते, पण मला धीर नव्हता, म्हणून मी एक साधी नळी घालून तोंडाने ओढली. हे कोणीही करू नये. डिझेल पोटात किंवा छातीत गेले तर दवाखान्याची वाट धरावी लागते. माझ्या फक्त जिभेवर आले, तरी दोन दिवस मोदक, चटणी आणि चहा या तिन्हींची चव एकच होती.

पंपातून आधी गंजाचे तांबडे पाणी आले, मग शेवाळासारखे काळे धागे, आणि मग डिझेल. एकूण सात लिटर घाण निघाली. ती मी परसाच्या गटारात ओतणार होतो, तेव्हा मिस्त्री पहिल्यांदा आवाज चढवून बोलला, “काका, विहीर कुठं हाय तुमची?” विहीर वीस पावलांवर होती. घाण कॅनमध्ये भरून तो घेऊन गेला. गॅरेजमधले जळके ऑइल नेणारा माणूस तीही नेतो.

नवा फिल्टर बसला, इंजिनाची छोटी टाकी धुतली. मग इंजिनाने धरलेली एअर काढायची होती. मिस्त्री स्क्रू सैल करून बसला आणि मी हँडल फिरवत राहिलो. स्क्रूतून आधी नुसता फेस येत होता, मग बुडबुड्यांची माळ, मग एखादाच चुकार बुडबुडा, आणि शेवटी डिझेलची अखंड, गुळगुळीत धार. “बस्स,” म्हणून त्याने स्क्रू आवळला. चौथ्या हँडलला इंजिन पेटले, काळसर धूर निघाला, आणि त्या धुराकडे मी कापराच्या ज्योतीकडे बघावे तसा बघत राहिलो. इंजिनात डिझेल फवारणारे नोझल आणि त्याला डिझेल पुरवणारा पंप वाचले, हे नशीब. पंपाच्या आतल्या भागांना डिझेलचेच वंगण मिळते, आणि पाण्याने ते गंजून धरले असते.

बॅरल आता पडवीत छपराखाली, दोन ओंडक्यांवर आडवे आहे. दोन्ही बुचे घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी यावीत असे ते ठेवायचे असते, म्हणजे निम्म्याहून जास्त भरलेले असेल तेव्हा बुचांवर आतून डिझेल राहते आणि हवेला वाट मिळत नाही. त्यामुळे बायको मला अधूनमधून विचारते, “अहो, बॅरलमध्ये किती वाजले?”

पेट्रोल पंप बदलण्याची सोय नाही, कारण जवळ दुसरा नाही. परवा कॅन घेऊन गेलो तर मॅनेजरने मला लांबूनच ओळखले, काही न विचारता पट्टीला मलम फासले, ती टाकीत सोडली, वर काढली आणि रांगेतल्या सगळ्यांना दिसेल अशी माझ्यासमोर धरली. मी मान हलवली. मग त्याने कॅनचे झाकण उघडून आत डोकावले, कॅन उलटा करून झटकला, आणि त्यातून पाण्याचे दोन थेंब माझ्या चपलेवर पडले.