आमच्या ओटल्यावरची दुसरी इनिंग

पुण्या-मुंबईकडचे पाहुणे आले की विचारतात, "तुमचा कट्टा कुठंय?" त्यांना हळूच सांगावं लागतं की बाबांनो, इकडे इंदुरात कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल, भर रस्त्यात शब्द जपून वापरा. आमचा आहे तो ओटला. रामबागेतला, शोभाकाकूंच्या घरापुढचा. बसायला चार जणांची जागा, बसतात सात.

2024 च्या गणपतीतली गोष्ट. आरती झाली होती, खिरापत वाटून झाली होती. काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बंडू, उद्या महालक्ष्म्या यायच्या आहेत. माळ्यावरची पेटी तेवढी काढून दे." बंडू "हो काकू, आत्ता काढतो" म्हणाला आणि होता तिथंच बसून राहिला. त्याच्या मांडीवर पेढ्यांचा डबा होता.

"घ्या, तोंड गोड करा. भिया बरी झाले!"

नाना नेमके कानातलं मशीन घरी विसरून आलेले. "कोण बरी झाली? तुझी बायको? काय झालं होतं तिला?"

"बायको नाही हो नाना. आकाशभिया. बॅटवाली केस. कोर्टातून बरी! निर्दोष!"

"मग निर्दोष म्हण की. मराठी शाळेत गेला होतास ना?"

बाहेरच्यांसाठी सांगतो. भिया म्हणजे आमच्याकडचा भैया. आणि बॅटवाली केस म्हणजे, 2019 मध्ये भाजपचे आमदार असलेल्या आकाश विजयवर्गीयांवर, जर्जर घर पाडायला आलेल्या पालिकेच्या अधिकाऱ्याला क्रिकेटच्या बॅटनं मारल्याचा आरोप होता. तेव्हाचं त्यांचं वाक्यही गाजलं: आधी आवेदन, मग निवेदन, मग दे दनादन.

बंडूबद्दलही दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. त्याचं व्हॉट्सअ‍ॅपचं चित्र दर दोन महिन्यांनी बदलतं, शेजारी उभा असलेला नेता बदलतो, बंडूचा शर्ट मात्र तोच. 2018 साली आकाश विजयवर्गीय तीन नंबरातून, म्हणजे इंदूर-3 या विधानसभा मतदारसंघातून, 5,751 मतांनी निवडून आले, तेव्हा त्यातली 751 आपणच आणली असं तो आजही सांगतो. त्याच्या घरात मतं चार. त्यातलं एक नक्की फुटतं, हे त्याची आईच सांगते.

"पाच वर्षं भियाला बदनाम केलं," बंडू तापून राहिला होता. "टीव्हीवर रात्रंदिवस तोच व्हिडिओ. आणि शेवटी? ज्याला लागलं त्यालाच सांगता आलं नाही कोणी मारलं ते!"

"फोनवर बोलत होता म्हणे बिचारा," विजू म्हणाला. "इंदुरात माणूस फोनवर असला की मागून बॅट आली काय, सिटी बस आली काय, त्याला कळत नाही."

विजूचं हसणं तिथंच थांबलं. त्याचं घर जुनं आहे, सव्वाशे वर्षांचा वाडा, जिन्याची एक पायरी कायम हातात येते. "पण एक सांगतो बंडू. ते घर जर्जर होतं म्हणून पाडायला आले होते. पावसाळा तोंडावर होता. 2018 ला सरवटे बसस्टँडपाशी हॉटेल कोसळलं तेव्हा 10 माणसं गेली. त्या दिवशी आपण सगळेच ओरडत होतो ना, की आधी का नाही पाडलं?"

"भियाचं म्हणणं होतं की घरातल्या बायकांना ओढून बाहेर काढून राहिले होते."

"मग तसं लिहून द्यायचं, बसायचं धरण्याला. आमदार होते ना? विधानसभा काय फक्त भत्त्यासाठी असते?"

हे बोलणं बंडूला लागलं असावं, कारण तो एकदम क्रिकेटकडे वळला. म्हणाला, हे इंदूर आहे, इथं पोरगं जन्मतःच बॅट धरतं.

ही त्याची चूक. क्रिकेट निघालं की नाना कोणाला ऐकत नाहीत, मशीन असो वा नसो. सी. के. नायडू, मुश्ताक अली, होळकर संघाच्या 4 रणजी ट्रॉफ्या, मग 2022 ची पाचवी, मध्य प्रदेशाची, आणि तिचा कोच आपला चंद्रकांत पंडित. "बॅटीची अब्रू होती रे या गावात! आणि तुझ्या भियांच्या वडिलांचं, कैलास विजयवर्गीयांचं, क्रिकेट माहीत आहे ना? 2010 ला एमपीसीएच्या, मध्य प्रदेश क्रिकेट संघटनेच्या, अध्यक्षपदाला उभे राहिले, ज्योतिरादित्य शिंद्यांनी पाडलं. 2012 ला परत उभे राहिले, परत पाडलं. आता दोघं एकाच पार्टीत बसून एकमेकांना हार घालतात."

"नाना, तुम्ही ताईंचे माणूस. तुम्हाला भाई कसे चालतील?"

झालं. इंदुरात ताई म्हणजे सुमित्रा महाजन आणि भाई म्हणजे कैलास विजयवर्गीय, पुढचं काही सांगावं लागत नाही. नाना 1985 मध्ये सुमित्राताईंचे पोलिंग एजंट होते, याच तीन नंबरात. महेश जोशींनी ताईंना पाडलं त्या रात्री नाना जेवले नाहीत, असं नाना म्हणतात. काकू म्हणतात, दोनदा जेवले, दुःखात जास्त भूक लागते. पुढं 1989 ला ताईंनी प्रकाशचंद्र सेठींसारख्या माजी मुख्यमंत्र्याला हरवलं आणि सलग 8 वेळा लोकसभेत गेल्या. नानांच्या बैठकीत त्या विजयाचं कात्रण अजून फ्रेममध्ये आहे. लग्नाचा फोटो त्याच्या खाली आहे, थोडा तिरका.

"ताईंनी कधी कुणावर हात उचलला?" नाना.

"ताईंचं सोडा. तुम्ही गणेश मंडळाच्या मीटिंगमध्ये माझ्या वडिलांवर छत्री उचलली होती!"

"उघडत होतो. पाऊस होता."

"हॉलमध्ये?"

इथं पाच मिनिटं त्या छत्रीत गेली. मंडळाच्या खजिनदारपदाचं ते जुनं भांडण आहे, त्यात 251 रुपयांच्या एका पावतीचाही प्रश्न आहे. तो या लेखात सुटणार नाही.

काकू पुन्हा बाहेर आल्या. "बंडू, पेटी."

"हो काकू, हे एवढं संपवतो." मग आमच्याकडे वळून, "घराणेशाही म्हणता ना तुम्ही? जोशींचं काय मग? काका महेश जोशी तीन नंबरातून, पुतण्या अश्विन जोशी तीन नंबरातून, 2023 ला उभा राहिला तो महेश जोशींचा मुलगा पिंटू जोशी, तोही तीन नंबरातूनच!"

मुद्दा खरा होता, त्यामुळं क्षणभर कोणी काही बोललं नाही. बंडूच्या तोंडून खरा मुद्दा निघाला की आम्हाला थोडा वेळ लागतो.

काकू उंबऱ्यावरच टेकल्या. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय, सनावळी तोंडपाठ. "जोशींनी निदान जागा वरून खाली दिली. इथं उलटं झालं. 2018 ला मुलासाठी उषा ठाकुरांना तीन नंबरातून उचलून महूला पाठवलं. जिंकलेल्या बाईला. आणि 2023 ला तिकीट आलं ते वडिलांना, एक नंबरातून. मुलगा घरी. वडील भर सभेत सांगतात, माझी एक टक्कासुद्धा इच्छा नव्हती, आता मोठे नेते झालो, हात कुठं जोडत फिरायचे. अरे, जगभर बाप म्हातारपणी मुलाच्या नावावर घर करतो. यांच्या घरी बापाच्या नावावर झालं."

"ते तर पार्टीनं ठरवलं," बंडू.

"पार्टीनं 2019 मध्येच ठरवलं होतं. पंतप्रधान बोलले ना, मुलगा कुणाचाही असो, असं वागणं चालणार नाही. तेव्हा वडील म्हणत होते, दोन्ही बाजूंचे कच्चे खेळाडू आहेत. कच्चा खेळाडू पुढच्या मॅचला टीममध्ये असतो का?"

"पण भियाला पश्चात्ताप..."

"नव्हताच. जेलमधून सुटल्यावर काय म्हणाला होता? देवाला प्रार्थना करतो, पुन्हा बल्लेबाजी करायची संधी देऊ नकोस." काकूंनी पदरानं हात पुसले. "देवानं ऐकलं. दिलीच नाही."

नानांना मशीन नसताना हे कसं काय ऐकू गेलं माहीत नाही, पण सगळ्यात आधी तेच हसले. इतके, की विजूला त्यांची पाठ थोपटावी लागली. बंडू डबा बंद करायला लागला तसे आम्ही घाईघाईनं पेढे उचलले. निकाल पटो न पटो, पेढे दूधवाल्याच्या खव्याचे होते.

मला मात्र त्या क्षणी बंडूची थोडी दया आली. कोर्टानं निर्दोष म्हटलंय, हे काही खोटं नाही. तरी त्या माणसाची पाच वर्षांची आमदारकी आठवायला बसलं की डोळ्यांपुढं एक बॅट येते आणि एक यमक. बाकी नळ, नाल्या, रस्ते काय झालं असेल ते असेल. मी बंडूला विचारलंही, भियांनी केलेलं एखादं काम सांग. त्यानं विचार केला. बराच केला. मग म्हणाला, "आमच्या गल्लीत क्रिकेटची टूर्नामेंट घेतली होती."

विजू ओटल्यावरून खाली सरकला तो सरकलाच.

तेवढ्यात काकू तिसऱ्यांदा दारात आल्या. पदर खोचलेला, हातात कपडे धुवायचं धोपटणं. बहुतेक मोरीतून तशाच आल्या असाव्यात. काही रागावल्या नव्हत्या, उलट फार गोड आवाजात म्हणाल्या,

"बंडू, आवेदन झालं. निवेदनही झालं."

बंडू चपला न घालताच माळ्याकडे पळाला.