६४ केबीतही इंटरनेट मावतं
इंदूरला रामबागेतल्या आपल्या मंडळींत एक मेसेज फिरतोय: ‘इंटरनेटला निदान काही एमबी मेमरी लागतेच, ६४ केबीचे जुने संगणक भंगारात काढा.’ हे चूक आहे.

प्रोग्रामर ॲडम डंकेल्स यांनी ८-बिट, म्हणजे अगदी छोट्या ताकदीच्या यंत्रांसाठी लिहिलेला यूआयपी हा टीसीपी/आयपीचा (इंटरनेटवरच्या देवाणघेवाणीच्या नियमांचा) प्रोग्राम काही केबींतच बसतो आणि कमोडोर ६४ या ६४ केबीच्या जुन्या घरगुती संगणकावर चालतो. त्यातली युक्ती फार सुंदर आहे. पाठवलेल्या पॅकेटची (माहितीच्या तुकड्याची) प्रत तो जपतच नाही. बफर (पॅकेट तात्पुरतं ठेवायची जागा) एकच, येणाऱ्या आणि जाणाऱ्या पॅकेटना मिळून. पॅकेट वाटेत हरवलं, की त्याला वापरणाऱ्या प्रोग्रामला सांगतो, मजकूर पुन्हा तयार करून दे.

वेग मार खातो, हे कबूल. एचटीटीपीएसचं, म्हणजे वेबवरचा मजकूर सुरक्षित सांकेतिक रूपात पाठवण्याचं, गणितही जड जातं, त्यामुळे बँकेचं काम होणार नाही. नेटवर्क कार्ड मात्र जोडावं लागतं. माळ्यावरचं यंत्र कृपया विकू नका.